वजन नसलेली बाहुली

दोहा,
२६ नोव्हेंबर २०२३

सौ. सुनीतीस,

हे पत्र जैदच्या हाती देतोय. फरजानाभाभींचा हा भाऊ विमानात ड्यूटीला आहे आणि त्याला तिकडची फ्लाइट लागते, हे आपलं नशीब. फोनवर केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही असं तुझ्या वकीलबाईंनी बजावलंय आणि पोस्टावर माझा भरवसा नाही. इथं दोह्यात फरीज बिन ओमरानला आपण भाभींच्या शेजारी राहत होतो, तेव्हा गावाकडं जाणाऱ्याच्या बॅगेत चिठ्ठी टाकायचो तसंच हे. भाभींनी अमेरिकेत जाऊनही शेजार सोडला नाही. तुला जामिनावर त्यांच्या घरी ठेवून घेतलं, हे मी जन्मभर विसरणार नाही, असं त्यांना सांग. माझ्या तोंडून ते नीट निघत नाही.

आता मुद्द्याचं. मला कळलेलं क्रमाने लिहितो. कुठं चुकलं तर दुरुस्त कर, कारण मधुरा फोनवर रडते आणि निम्मं राहून जातं.

तू ऑगस्टमध्ये तिच्या बाळंतपणाला गेलीस. सप्टेंबरमध्ये आर्या झाली. अडली होती, म्हणून डोक्याला यंत्र लावून ओढून काढली. तू रोज तेल लावून आंघोळ घालत होतीस. नऊ नोव्हेंबरला दुपारी मधुरा झोपली होती, जावई सुशांत ऑफिसात. आर्यानं दूध ओकलं, हात कडक केले, डोळे फिरवले. तू मधुराला उठवलंस, दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला, त्यात कवटीच्या आत रक्त दिसलं. तिथल्या एका डॉक्टरनं सांगितलं की बाळाला कोणीतरी जोरात हलवलंय. बाळाजवळ तू होतीस. संध्याकाळी पोलीस आले.

आर्या आता बरी आहे, दूध पिते. म्हणजे मूळ काळजी संपली. राहिला तो गैरसमज. माहिती अपुरी असली की गैरसमज होतो आणि पूर्ण दिली की जातो. मोठ्या एसीचे चिलर चालू करून देताना मी हेच करत आलोय. मी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही, पण माझ्या टेस्ट रिपोर्टवर कुठल्या इंजिनिअरला लाल शाई वापरावी लागली नाही, हे तुला माहीत आहे.

तू पोलिसांना नेमकं काय सांगितलंस ते पहिल्यापासून लिही. ‘साधारण’ असं लिहू नकोस.

श्यामराव


१७ डिसेंबर २०२३

अहो,

नमस्कार. जैद उद्या निघतोय, म्हणून बसलेय लिहायला.

तुमच्या क्रमात एक चूक आहे. मधुरा झोपली नव्हती, मी तिला झोपवली होती. रात्रभर जागलेली पोर, म्हटलं दोन तास पड, मी आहे. “मी आहे” हे मी पोलिसांनाही सांगितलं. ते आता कागदावर आहे म्हणे.

माझ्या पायात पट्टा बांधलाय. काळा, घड्याळासारखा, पण घोट्याला. त्याला रोज चार्ज करावं लागतं, मोबाइलसारखं. वायर तोकडी आहे. म्हणून संध्याकाळी मी भिंतीतल्या प्लगजवळ पाय करून बसते आणि फरजाना समोर भाजी निवडते. ती म्हणते, “सुनीतीताय, तुमच्याकडं म्हशी बांधतत तशी बांधलीय तुला.” रत्नागिरीची जीभ आहे, हसवते.

तुम्ही विचारलंत ते सांगते. खोलीत दोघं होते, एक बाई, एक बाप्या. हिंदी सांगणारा फोनवर. वकील हवा का, असं विचारलं. मी म्हटलं, वकील कशाला, मी काय केलंय. गाडीत बसायच्या आधी तुमचा फोन झाला होता ना, काही लपवू नकोस, पहिल्यापासून सगळं सांग म्हणून. तसंच केलं. तेल कोमट करण्यापासून सुरुवात केली. टाळूवर किती घालायचं, छातीला कसं लावायचं, पाय कसे ओढायचे. वाटलं कंटाळतील. पण ती बाई छान ऐकत होती, मान हलवत होती. मला बरं वाटलं. इतकं नीट माझं कोणी ऐकत नाही.

मग त्यांनी बाहुली आणली. म्हणाले, करून दाखवा. मी खाली बसले, पाय पसरले, बाहुली पायांवर घेतली. शेवटी पाय धरून बाळाला क्षणभर उलटं धरतो, तुमच्या आईनं मला मधुराच्या वेळी शिकवलं, तेही दाखवलं. आता ऐका. ती बाहुली प्लॅस्टिकची, आतून पोकळ. तिला वजनच नाही. आर्याला उचलताना हात आपोआप जपून जातो, मानेखाली दुसरा हात असतोच. बाहुलीचं काय जपायचं? हात सटकन वर गेला. बाहुलीचं डोकं लटलट हललं.

त्यांनी परत करायला सांगितलं. मी परत केलं. सगळं व्हिडिओत आहे.

मधुराला फोन करायचा नाही असा कोर्टाचा हुकूम आहे, ती साक्षीदार आहे म्हणून. आर्याजवळ तर जायचंच नाही. तुम्ही तिला तरी विचारा, टाळू भरत आली का.

सुनीती


दोहा,
१४ जानेवारी २०२४

सौ. सुनीतीस,

पत्र तीन वेळा वाचलं. तू योग्य तेच केलंस. ज्याच्या मनात काही नसतं तो करून दाखवतो.

तुला इंडस्ट्रियल एरियातला तो अपघात आठवतो का? आपल्या वर्कशॉपमध्ये गॅसची टाकी धोंडीरामच्या पायावर पडली होती. मॅनेजर म्हणाला, गप्प बस, कंपनीचा माणूस येईल, तो बोलेल. मी ऐकलं नाही. स्वतः ठाण्यात गेलो, टाकी कुठं होती, साखळी का सुटली, चित्र काढून दाखवलं. कॅप्टननं चहा मागवला आणि म्हणाला, खलास, तू जा. सरळ माणसाला जगात कुठंही सरळच वाटतं.

मी तिकडचा कायदा वाचायला घेतलाय. कंपनीच्या बसला तासभर लागतो, तेवढ्यात रोज दहा पानं होतात. त्यात एक गोष्ट फार चांगली आहे. तिकडच्या सरकारी वकिलाचं काम खटला जिंकणं हे नाही, न्याय होतो की नाही हे पाहणं आहे. असं तिथल्या मोठ्या कोर्टानंच म्हटलंय. आरोपीच्या बाजूचा पुरावा त्यांच्याकडे असला, तर तो स्वतःहून द्यावा लागतो. आपण मागायची वाट बघायची नसते. वाचून मला इतकं बरं वाटलं की मी डबा तसाच परत आणला.

म्हणून मी एक काम केलं. तुझ्या केसच्या सरकारी वकीलबाईंना थेट पत्र लिहिलं. इंग्रजीत, चार पानं, आकृतीसह. पोकळ बाहुली आणि सात आठवड्यांचं बाळ यांच्या वजनातला फरक, त्यामुळे हाताच्या वेगात पडणारा फरक, हे सगळं मांडलंय. व्याकरण मी दोनदा तपासलं. माहिराबाईंना विचारत बसलो नाही. त्या सरकारनं तुझ्या बाजूनं नेमून दिलेल्या वकील, त्यांच्याकडे माणसं फार, त्यांचा वेळ कशाला घ्या.

माझ्या अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला पुढच्या वर्षीची तारीख मिळालीय. लवकरची मागितली तर संगणक तेच पान परत दाखवतो.

मधुराकडून कळलं की सरकारी वकिलांनी सौदा पाठवलाय. गुन्हा कबूल कर, तीन वर्षं. नाहीतर खटला, आणि हरलीस तर पंधरापर्यंत. हा काय कपड्याचा बाजार आहे? जे केलं नाही ते केलं असं म्हणायचं नाही. माझ्या घरातलं कोणी म्हणणार नाही.

श्यामराव


७ एप्रिल २०२४

ती. बाबा,

सा. न. फोनवर तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही, म्हणून लिहितेय. पाकीट जैदमामाकडे दिलंय. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

तुमचं चार पानी पत्र सरकारी वकीलबाईंनी फाइलला लावलं. माहिरा मॅडमना ते कोर्टात कळलं. त्या माझ्याशी जास्त बोलत नाहीत, पण त्या दिवशी फोन करून एवढंच म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना सांगा, माझा बचाव त्यांनी समोरच्यांना भेट दिला.” बाहुलीच्या वजनाचा मुद्दा त्या खटल्यात काढणार होत्या. आता समोरच्यांनी बाळाच्या वजनाची बाहुली करवून घेतली, त्यांचा एक्स्पर्ट बसवला, आणि तो म्हणतो, वजन असलं तरी असं करता येतं. करता येतं, बाबा. केलं, असं तोही म्हणत नाही. पण ज्यूरीला तेवढंच ऐकू येणार.

दुसरं. आईनं त्या खोलीत वकील मागितला असता, तर हा व्हिडिओच नसता. तिनं का मागितला नाही, तुम्हाला माहीत आहे. मी गाडीजवळच उभी होते. फोन माझाच होता, स्पीकरवर. मीही तेव्हा मान हलवली. आपल्या घरात असंच असतं ना, काही लपवायचं नाही. तुम्ही माझी रिपोर्ट कार्डंसुद्धा शेजाऱ्यांना दाखवायचात, नापास झाले होते तीही.

मलाही त्यांनी बोलावलं होतं. सकाळपासून चार वाजेपर्यंत. मी सरळ सांगितलं की आई मालिश करताना मी रोज समोर बसलेली असायचे, पाय धरून उलटं करतानाही, आणि आर्या हसायची. मला वावगं कधी वाटलं नाही. सुशांत घरी आल्यावर म्हणाला, एवढं सांगायची काय गरज होती. मी त्याच्यावर चिडले. आता वाटतं, चिडायला नको होतं. सरकारी वकीलबाई तेव्हा फार गोड बोलल्या, मला पाणी दिलं, आणि “रोज?” असं तीन-चारदा विचारून घेतलं.

सुशांत आईबद्दल काही बोलत नाही. पण आर्याला आंघोळ आता तोच घालतो. मला घालू देत नाही.

आईला यातलं काही लिहू नका.

मधुरा


दोहा,
१९ मे २०२४

सौ. सुनीतीस,

इथं सगळं ठीक. उन्हाळा लागलाय. दुपारची बाहेरची कामं पुढच्या महिन्यापासून बंद होतील. तुझ्या मिक्सरचं लहान भांडं मी जाळलं. नवीन आणलंय, पण झाकण तसं बसत नाही.

फ्लॅट सोडला. अल नस्रला एक खोली बघितलीय. शेजारी मैमुना म्हणून हैदराबादची मुलगी आहे, तिचा नवरा माझ्याच कंपनीत. रमजानमध्ये नवऱ्याच्या हाती रोज ताट पाठवायची, तेव्हापासूनची ओळख.

कायद्याचं वाचन तूर्त थांबवलंय. बसमध्ये डोळे दुखतात.

माहिराबाई सांगतील तसं कर. मला विचारायची आवश्यकता नाही.

आर्याची टाळू भरत आलीय, असं मधुरा म्हणाली.

श्यामराव


६ ऑक्टोबर २०२४

अहो,

“मला विचारायची आवश्यकता नाही” असं तुम्ही लिहिलंत आणि मला धसका बसला. सत्तावीस वर्षांत असं वाक्य तुमच्या हातून उतरलं नव्हतं. मी फरजानाला म्हटलं, यांना ताप आलाय की काय. नंतरची तुमची दोन्ही पत्रंही हवापाण्याचीच. काय झालंय ते तुम्ही सांगणार नाही आणि मी विचारणार नाही.

आर्या वर्षाची झाली. फरजानानं शिरा केला, केळं घालून. वाटी खिडकीत ठेवली, कोणाला म्हणून ठेवली ते तिलाच माहीत. नंतर आम्हीच खाल्ला.

आता मोठी बातमी. खटला तोंडावर आला म्हणून सरकारी वकीलबाईंनी माहिराला कागदांचा एक गठ्ठा पाठवला. त्यात दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी निघाली. डोक्याचे फोटो वाचायचं काम करणारा डॉक्टर. त्यानं पहिल्याच रात्री लिहून ठेवलं होतं की यातलं काही रक्त जुनं दिसतंय, कित्येक आठवड्यांचं, जन्माच्या वेळचंही असू शकेल. यंत्रानं ओढलं होतं ना पोरीला. पहिल्या रात्रीच, अहो. मी तेव्हा त्या खोलीत बाहुली घेऊन बसले होते.

माहिरा कोर्टात चिडून बोलली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. सरकारी वकीलबाई शांतपणे म्हणाल्या की केस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आली, त्यात राहून गेलं, हेतू नव्हता. न्यायाधीश म्हणाले, राहून गेलं हे बरं नाही, पण आता मिळालं ना? मग तयारीला दोन आठवडे वाढवून देतो. झालं. पुढची केस पुकारली.

मी माहिराला विचारलं, वर्षभर दडवलं त्याचं काय? ती उर्दूत म्हणाली, “आंटी, दडवलं हे मला सिद्ध करावं लागेल. राहून गेलं हे त्यांना नुसतं म्हणावं लागतं.”

पण ती म्हणते, आता आपली बाजू जड आहे. मला आत कुठंतरी हलकं वाटतंय. बोलून दाखवत नाही, दृष्ट लागेल.

सुनीती


दोहा,
१३ ऑक्टोबर २०२४

सौ. सुनीतीस,

जैदनं पाकीट विमानतळावरच दिलं. मी तिथल्याच बाकावर बसून वाचलं आणि शेजारी बसलेल्या दोघांना चहा पाजला.

मी म्हटलं होतं ना! पुरावा बाहेर आला. उशिरा आला, पण आला. नियम आहे तो आहे. आता ही केस उभी राहू शकत नाही, त्यांनाही ते कळलं असणार. मी पुन्हा वाचायला सुरुवात केलीय. जुन्या काही निकालांत अशा कारणावरून शिक्षा रद्द झालेल्या आहेत.

तुझ्यासाठी व्हिसाची चौकशी केली. सहा महिन्यांवर बाहेर राहिल्यानं इथं राहण्याचं तुझं आयडी गेलंय, पण व्हिजिटवर आणता येईल. मैमुनाला सांगितलं, ती म्हणाली, इन्शाल्ला दिवाळीला फराळ करायला शिकवा मला. तिला दिवस गेलेत. तिचं तिकडचं कोणी येऊ शकत नाही. मी म्हटलं, आमची ही येतेय, काळजी करू नकोस, तिच्या हाताखाली बाळ असं घट्ट होतं की बघत राहशील.

मधल्या काळात मी तुला काही लिहिलं नाही त्याची कारणं होती. ती समोर बसून सांगेन.

एकच गोष्ट. आता कितीही गोड सौदा आला तरी घ्यायचा नाही. ते गोड होतायत म्हणजेच हरतायत. हे माझं शेवटचं सांगणं.

श्यामराव


१० नोव्हेंबर २०२४

अहो,

तुमचं पत्र जैदनं मला दिलं तेव्हा सगळं होऊन चार दिवस झाले होते. त्याच्यावर रागावू नका, त्याची ड्यूटी मध्ये दुसरीकडं लागली. आधी मिळालं असतं तरी मी तेच केलं असतं, म्हणून मन शांत ठेवून वाचा.

तुम्ही म्हणालात तसंच झालं, सौदा गोड झाला. तुरुंग नाही. जामिनाआधी आत काढले तेवढे दिवस पुरे. गुन्हाही लहान केला, निष्काळजीपणानं इजा. फक्त कबूल करायचं आणि देश सोडायचा. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. माहिरा म्हणाली, आंटी, खटला लढलो तर मला वाटतं आपण जिंकू. मी म्हटलं, मग लढू. तुमचीच बायको आहे.

तेव्हा तिनं दुसरा कागद काढला. सरकारी वकीलबाईंनी कळवलं होतं की खटला उभा राहिला, तर त्यांना मधुरावरही आरोप ठेवायचा विचार करावा लागेल. रोज समोर बसून बघत होती आणि थांबवलं नाही, म्हणून. तिचं स्वतःचं बोलणं आहे, सहीचं. आरोप ठेवला की त्याच दिवशी आर्याला सरकारी घरात नेतात. खटला पुढं आपण जिंकलो तरी पोर आधी जाते. मग ती परत आणायला दुसरं कोर्ट.

माहिरा त्यांना म्हणाली होती, ही धमकी आहे. त्या म्हणाल्या, धमकी नाही, माहिती आहे. तुमच्या अशिलाला निर्णय घेताना पूर्ण माहिती हवी ना.

तुम्ही नेहमी म्हणता, पूर्ण माहिती दिली की गैरसमज जातो. माझा गेला.

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. फरजानाला म्हटलं, चहा ठेव, आणि माहिराला म्हटलं, कुठं सही करू. ती म्हणाली, नुसती सही नाही, कोर्टात बोलावं लागेल.

ते मला माहीत नव्हतं.

यावेळी मराठी सांगणारी मुलगी दिली होती, पडद्यावर. नागपूरकडची असावी, बोलणं गोड. न्यायाधीशांनी एक-एक विचारायचं, तिनं सांगायचं, मी उत्तर द्यायचं. शुद्धीवर आहात का? हो. वकिलांवर समाधानी आहात का? हो. काय केलं ते तुमच्या शब्दांत सांगा. माझे शब्द माहिरानं आदल्या दिवशी लिहून दिले होते आणि फरजानानं ते मराठीत काढले होते. मी वाचले. “मी आर्याला हाताळताना जेवढी काळजी घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही आणि तिला इजा झाली.” तुम्हाला सांगते, ‘आर्या’ म्हणताना आवाज फुटला. न्यायाधीशांना ते पटलेलं दिसलं.

मग त्यांनी विचारलं, कबुली द्यावी म्हणून तुम्हाला कोणी भीती दाखवली का, धमकी दिली का?

सरकारी वकीलबाई माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या, कागद बघत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. माहिरानं टेबलाखाली माझा हात धरला. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, इथं हो म्हटलंत तर सगळं मोडेल.

मी म्हटलं, “नाही. कोणीही नाही.”

न्यायाधीश म्हणाले, तुम्ही प्रामाणिकपणे उत्तरं दिलीत असं मला वाटतं.

अहो, त्या खोलीत बाहुली घेऊन बसल्यापासून मी खरं तेच बोलत आले, कोणाला पटलं नाही. हे एक खोटं बोलले आणि सगळ्यांना एकदम पटलं.

आर्या अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्याशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही, असं त्या हुकमात आहे. तेव्हा मी अडुसष्टची असेन. बघू.

तुम्ही मला घराण्याबद्दल लिहिलं होतं, आपल्यातलं कोणी न केलेलं कबूल करणार नाही म्हणून. मी केलं. यायचं म्हणता तर येते. नको म्हणालात तर कराडला भावाकडं राहीन.

सुनीती


दोहा,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मधुरास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईला दोन आठवड्यांपूर्वी व्हिजिटवर इकडं आणलं. त्याआधी ती कराडला मामाकडं होती. तिचं शेवटचं पत्र मिळाल्यावर मी उत्तर लिहिलं नाही, सुट्टी टाकून मुंबईला उतरवून घ्यायला गेलो. लिहिण्यासारखं नव्हतं.

प्रकृती ठीक आहे. जेवते. खोली लहान म्हणून तक्रार नाही. मिक्सरचं झाकण तिनं पहिल्याच दिवशी कसं बसवायचं ते दाखवलं, ते उलटं बसतं. पायाला पट्ट्याचा वळ आहे, तो जाईल असं डॉक्टर म्हणाले. पण संध्याकाळ झाली की ती अजून भिंतीतल्या प्लगजवळ जाऊन पाय लांब करून बसते. मीही तिथं खुर्ची घेतो.

तुझ्याबद्दल त्या सौद्यात काय होतं, हे तुला माहिराबाईंनी सांगितलं का, मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर आईला विचारू नकोस. ती म्हणेल, तसं काही नव्हतं. आता ते तिला जमतं.

सुशांतला माझा आशीर्वाद सांग. त्याच्यावर माझा राग नाही.

एक झालं ते सांगतो. शेजारच्या मैमुनाला महिन्यापूर्वी मुलगा झाला. तिच्या घरचं कोणी येऊ शकलं नाही. तुझी आई येणार, ती सगळं करेल, असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. परवा ती बाळ घेऊन आली, तेलाची वाटीही आणली कोमट करून. “आंटी, जरा दाखवा ना,” म्हणून बाळ पुढं केलं. तुझ्या आईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मैमुना हसत पुढं सरकली, तिला वाटलं, चेष्टा करतायत. तुझी आई मागं सरकत भिंतीला टेकली. शेवटी मी बाळ घेतलं. मला धरता येत नाही, ते रडलं.

मैमुनाला मी म्हटलं, हिच्या हाताला दुखतंय.

आता काम. आईच्या त्या हुकमाची प्रत मी इथं वाचली. ‘कोणत्याही मार्गाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क’ असे शब्द आहेत. आर्याच्या फोटोचा उल्लेख नाही. फोटो हा संपर्क धरतात की नाही, हे मी ठरवू शकत नाही. पूर्वी मी ठरवलं असतं. हे माहिराबाईंना विचार आणि त्यांच्याकडून लेखी घे.

धरत असतील तर पाठवू नकोस. धरत नसतील तर एकच पाठव, उभी राहिलेली, जमिनीवर, कोणीही तिला धरलेलं नाही अशी. माझ्या नावानं पाठव. मी टेबलावर ठेवीन. ती बघेल की नाही, ते तिचं ती ठरवेल.

बाबा